वऱ्हाडाची गाडी सगळ्यात शेवटी का ठरते?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. पण ज्यांच्या घरी यंदा उन्हाळ्यात कार्य आहे त्यांनी तेवढी सवडीनं वाचा. बाकीच्यांनी आपल्या सोयऱ्या-धायऱ्यांना पाठवली तरी चालेल.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याचं लग्न झालं. मुलीकडचं गाव गेवराईच्या पलीकडं. म्हणजे आपलं वऱ्हाड लिंबागणेशहून मांजरसुंबा, तिथून घाट उतरून पाली, बीड, पाडळशिंगीचा टोलनाका आणि पुढं गेवराई. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आसपास. सुपारी फुटली जानेवारीत, तिथी धरली मे महिन्यातली. मधे चांगले चार महिने होते. या चार महिन्यांत आमच्या घरात काय-काय ठरलं ते सांगतो. मंडप ठरला. केटरर ठरला, त्याच्याशी गुलाबजाम का बालूशाही यावर दोन बैठका झाल्या. डीजे ठरला चाळीस हजारांत. फोटोवाला ड्रोनसकट ठरला. पोरानं लग्नाआधीचं शूटिंग केलं, त्यासाठी एक दिवस सौताड्याला धबधब्यावर गेले. मार्चमधे, म्हणजे धबधब्याला पाण्याचा थेंब नसताना. बस्ता बांधायला बारा माणसं गेली. पत्रिकेत कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली यावर एक चुलता रुसला, तो मनवून झाला.

आणि गाडी? गाडीची आठवण लग्नाला बारा दिवस राहिले तेव्हा झाली.

थोरले भाऊ म्हणाले, "गाडीचं तू बघ. तू पत्रकार हाईस, तुझ्या वळखी हाईत." मी म्हणलं, बघतो दादा. झालं. एवढीच आमची चर्चा. सव्वाशे माणसांचा जीव कशात बसवायचा हे ठरवायला गुलाबजामापेक्षा कमी वेळ लागला.

पहिला फोन एका एसटी आगारात केला. एसटी लग्नाला गाडी देते, त्याला प्रासंगिक करार म्हणतात. बऱ्याच जणांना आता हा शब्दच माहीत राहिला नाही. आपल्या वडिलांच्या पिढीला माहीत होता. तेव्हा लग्नाला लाल गाडी दारात येणं हीच प्रतिष्ठा होती आणि ड्रायव्हर-कंडक्टरला टॉवेल-टोपीचा मान असायचा. पलीकडून उत्तर आलं ते असं: स्वतः या, अर्ज द्या, पैसे भरा, आणि त्या तारखेला गाडी शिल्लक आहे का ते तेव्हा सांगू, बहुतेक नाहीच. मी त्या माणसावर चिडलो नाही. मेमधली दाट तिथी, वर सुट्ट्यांची गर्दी, बारा दिवस आधी मागितल्यावर तो तरी कुठून देणार? चार महिन्यांपूर्वी मागितली असती तर गोष्ट वेगळी होती.

मग एक खासगी गाडीवाला गाठला. नाव घेत नाही, कारण असे गावोगावी आहेत आणि एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात. सव्वीस-सव्वीस सीटच्या दोन मिनीबस, एकीचे साडेआठ हजार, दोन्हीचे सतरा. पाच हजार इसार दिला. फोनवर पाठवला, पावती मागितली नाही. वीस वर्षं लोकांच्या फसवणुकीच्या बातम्या लिहिणारा माणूस मी, आणि मला पावती मागायची लाज वाटली. शिवाय दोन क्रूझर गावातल्याच. बाकीची मंडळी आपापल्या मोटारसायकली आणि चारचाकीनं येणार होती. हिशोब बसला.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता फोन आला. "भाऊ, एका गाडीचं क्लच प्लेटचं काम निघालं, दुसरीचा ड्रायव्हर गावाकडं गेलाय." दोन्ही गाड्यांना एकाच संध्याकाळी अडचण! नंतर कळलं ते आमच्या एका भाच्याकडून. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या मित्राच्या स्टेटसला तीच गाडी दिसली, फुलांच्या माळा लावलेली, वेगळ्याच लग्नात. लांबचं भाडं आलं होतं, पैसा जास्त होता, आम्ही कटलो. इसार आजपर्यंत परत आलेला नाही.

आता रात्रीचे आठ. अंगणात हळद चाललेली, डीजेचा ट्रायल सुरू, आणि आम्ही पाच-सहा जण घरामागं फोन लावत बसलेलो. पाटोदा, नेकनूर, केज, बीड. सगळीकडं एकच उत्तर, "उद्या? येड लागलं का? उद्या लई तिथी हाय." साडेनवाला एकानं आयशर टेम्पो मिळवला. साडेपाच हजार. तो आदल्या दिवशी कांदे घेऊन सोलापूरहून आलेला, हौद्यात अजून सालपटं होती. दादांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणलं, बायका आणि म्हातारी माणसं क्रूझरमधे, पोरं आणि गडी टेम्पोत. कोणीतरी खाली सतरंज्या अंथरल्या. वर ताडपत्री बांधली.

हे मी म्हणलं. दुसऱ्या कोणी नाही. म्हणून ही पोस्ट लिहायचा मला अधिकार आहे का, हा प्रश्न मला कोणी विचारला तर तो रास्त आहे.

कारण माझ्यासारख्याला माहीत नव्हतं असं काहीच नाही. १२ मे २०१८ ला नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यातल्या जांबजवळ वऱ्हाडाचा टेम्पो आणि टँकरची धडक झाली. दहा-अकरा माणसं गेली. त्या दिवशी मराठवाड्यातल्या प्रत्येक पेपरच्या पहिल्या पानावर ती बातमी होती. जून २०२४ च्या सुरुवातीला राजस्थानातून मध्य प्रदेशात राजगड जिल्ह्यात आलेल्या वरातीची ट्रॅक्टर-ट्रॉली उलटली, तेरा जण गेले, त्यांत लेकरंही होती. आणि आपल्याच मांजरसुंबा-पाटोदा रस्त्यावर ऑगस्ट २०२२ मधे केज तालुक्यातलं एक कुटुंब पुण्याला लग्नाला निघालं होतं, कार आणि टेम्पोची धडक होऊन एका घरातली सहा माणसं गेली. तो रस्ता आपल्या दारातून जातो.

असो. सकाळी आठला निघायचं होतं, निघालो पावणेदहाला. मुहूर्त साडेबाराचा. मी टेम्पोच्या केबिनमधे बसलो. मागं बावन्न माणसं. काही बसलेली, बरीच उभी, चार-पाच पोरं फाळक्यावर पाय सोडून. मांजरसुंब्याचा घाट उतरायला लागलो आणि ड्रायव्हरनं गाडी न्यूट्रलला टाकली. डिझेल वाचतं म्हणून. उतार, वळण, मागं बावन्न माणसं एकदा डावीकडं एकदा उजवीकडं, आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर. मी म्हणलं, "दादा, गिअरमधे घ्या की." तो हसला. "भाऊ, रोजचंच हाय हे." खाली पालीला आलो तोवर केबिनमधे जळल्यासारखा वास येत होता. त्याचे डोळे लाल होते. विचारलं तर म्हणाला, रात्री सोलापूरचा माल उतरवायला दोन वाजले.

परत येताना तोच घाट रात्री अकराला चढायचा होता. आयशर पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे कण्हत चाललेला, मागचा एक दिवा बंद, ताडपत्रीवर रिफ्लेक्टर नाही. मागून येणारे ट्रक जवळ आल्यावर करकचून ब्रेक मारत होते, ते मला आरशात दिसत होतं. मागं पोरं गाणी म्हणत होती. त्यांना काही माहीत नव्हतं.

काही झालं नाही. साडेबाराला सगळे घरी आले, झोपले. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण. कोणीच तो विषय काढला नाही. आजही घरात विचारलं तर सांगतील, लग्न लई झकास झालं.

मला मात्र झोप नव्हती म्हणून चार दिवसांनी बीडला कोर्टात एका वकील मित्राकडं गेलो. अपघाताच्या दाव्यांचीच कामं करतो तो. त्याला म्हणलं, समज झालं असतं तर? तो म्हणाला, "विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारतो, गाडीत माल काय होता? माल नव्हता, माणसं होती म्हणलं की निम्मी केस तिथंच संपली."

हे नीट समजून घ्या, कारण 'गाडीला विमा हाय' हे वाक्य आपण फार सहज बोलतो. मालवाहू गाडीचा विमा हा मालासाठी आणि रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसासाठी असतो. फार तर मालाचा मालक किंवा त्याचा माणूस सोबत असेल तर तो त्यात धरतात. हौद्यात बसलेलं वऱ्हाड कशातच बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००२ च्या डिसेंबरात आशा रानी प्रकरणात हे स्पष्ट करून टाकलं आहे, की मालवाहू गाडीतून फुकट किंवा भाड्यानं नेलेल्या प्रवाशांची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही. पुढं काही प्रकरणांत कोर्टानं 'आधी कंपनीनं द्या, मग मालकाकडून वसूल करा' असं सांगितलं, पण त्याचा भरवसा धरून कोणी घराबाहेर पडू नये. ट्रॅक्टर-ट्रॉलीचंही तेच, तिचा विमा शेतीच्या कामाचा. उरला गाडीचा मालक. तो कोण? एका आयशरवर बँकेचे हप्ते फेडणारा आपल्यासारखाच माणूस. त्याच्याकडून बावन्न घरांची भरपाई कुठून निघणार?

पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाड्यांचंही असंच आहे. शेजाऱ्याची बोलेरो 'डिझेल टाका अन् वर दोन हजार द्या' म्हणून आपण नेतो. पांढरी पाटी म्हणजे घरच्या वापराची गाडी. ती भाड्यानं नेली आणि काही झालं तर कंपनी म्हणते, अटी मोडल्या. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असलेली गाडीच भाड्याची. परमिट नसताना भाडं मारलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ मधे दहा हजारांचा दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून. पासिंगपेक्षा जास्त माणसं भरली तर माणशी दोनशे रुपये वेगळे. पण दंडाचं मी कशाला सांगू? लग्नाची गाडी पोलीस अडवत नाहीत. पुढं नवरदेवाची फुलांची गाडी दिसली की हात खाली जातो. त्यांनाही वाटतं, कशाला शुभकार्यात विघ्न.

नवरदेवाच्या गाडीवरून आठवलं. ती बाकी दोन महिने आधी ठरली होती. सनरूफवाली, काळी, बीडहून आणलेली. दिवसाचे नऊ हजार, वर फुलांचे तीन. आपल्याकडं आता जेसीबीच्या बकेटमधून फुलं उधळायची पद्धत आली आहे, त्याचेही पैसे असतात. मी पोराला दोष देत नाही. आयुष्यात एकदाच, हौस आहे, करू द्या. पण त्या गाडीत पाच माणसं होती आणि मागच्या टेम्पोत बावन्न.

आमचा हिशोब मी नंतर कागदावर मांडला. दोन मिनीबसचे सतरा हजार लागले असते. टेम्पोला साडेपाच गेले. वाचले साडेअकरा. त्यातून बुडालेला इसार पाच वजा केला तर राहिले साडेसहा हजार. भागिले बावन्न. माणशी सव्वाशे रुपये. एवढी आम्ही बचत केली.

"गरिबाच्या लग्नात कुठून आणायचे पैसे?" असं म्हणणारे आता कमेंटमधे येतील. बरोबर आहे तुमचं. ज्यांच्या घरी खरंच पैसा नाही त्यांच्याविषयी मी बोलत नाही, त्यांच्याविषयी पुढं येतो. मी बोलतोय ते आमच्यासारख्या मधल्या घरांविषयी. आमच्याकडं चाळीस हजारांचा डीजे होता. आम्हाला कमी पडला तो पैसा नव्हता. आम्हाला गाडी हा लग्नाचा भाग आहे असंच वाटलं नव्हतं. मंडप दिसतो, जेवण लक्षात राहतं, गाडीचं नाव कोणी काढत नाही. म्हणून तिचा नंबर शेवटी, आणि उरलेल्या पैशात.

पूर्वी असं नव्हतं हो. आमचे आजोबा सांगायचे, बैलगाड्यांचं वऱ्हाड आदल्या दिवशीच निघायचं. कोणाची बैलं चालणारी, कोणाची बुजणारी, कोणत्या गाडीला नवं वंगण घातलंय, ओढ्याला पाणी किती, हे सगळं चार म्हातारी माणसं बसून ठरवायची. बुजऱ्या बैलांची गाडी वऱ्हाडात घ्यायचीच नाही असा दंडक होता. आता गाडीचे टायर कोणी वाकून पाहत नाही.

ज्यांच्याकडं खरंच पैसा नाही, त्यांचं दुखणं वेगळं. आपला भाग ऊसतोडीचा. फड उलगतो मार्च-एप्रिलमधे, माणसं कारखान्यावरून गावाकडं येतात, आणि मग चैत्र-वैशाखात सगळी लग्नं एकदम. त्याच वेळी कारखान्याची वाहतूक संपलेली असते, म्हणजे ट्रॅक्टर, ट्रक, टेम्पो रिकामे उभे. सहा महिने जी माणसं त्याच ट्रॉलीत बिऱ्हाड टाकून कोल्हापूर, सांगली, कर्नाटकपर्यंत गेली, त्यांना लग्नाला दीडशे किलोमीटर ट्रॉलीत बसायला काय वाटणार? त्यांना 'धोका हाय' म्हणून सांगायला जाणं हा शहाणपणा मला जमत नाही. त्यांना स्वस्त बस दारात मिळाली तरच ती बसतील.

इथं एसटीचा प्रश्न येतो, आणि माझं खरं गाऱ्हाणं तिथं आहे.

१ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली, तेव्हापासून एसटी खेड्याची आहे असं आपण म्हणतो. कोरोनाआधी तिच्याकडं सुमारे अठरा हजार गाड्या होत्या, पुढं संप झाला, जुन्या गाड्या भंगारात गेल्या, ताफा कमी झाला. जानेवारी २०२५ मधे भाडंही जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढलं. तरी साध्या गाडीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून तिकीटच नाही. आता वऱ्हाड बघा. त्यात निम्म्याहून जास्त कोण असतं? बायका आणि म्हातारी माणसं. म्हणजे एसटीनं ज्यांना सवलत दिली तीच माणसं. पण हीच माणसं प्रासंगिक कराराच्या गाडीत बसली की सवलत संपली, तिथं किलोमीटरचा दर. शिवाय अंतर थोडं असलं तरी किमान ठरलेल्या किलोमीटरचे पैसे भरायचे. पन्नास-साठ किलोमीटरवर सोयरीक करणाऱ्या आपल्यासारख्यांना तेच परवडत नाही. शाळेच्या सहलीला एसटी भाड्यात सवलत देते, आणि ते चांगलंच आहे, लेकरं सुरक्षित जातात. मग लग्नाला का नको?

माझं म्हणणं फार मोठं नाही. बीड विभागात आठ आगारं आहेत. आपल्याला पाटोदा आणि बीड जवळ. दाट तिथ्या पंचांगात वर्षभर आधी छापलेल्या असतात, त्या कोणाला गुपित नाहीत. आगारानं त्या तारखा काढून, प्रत्येक तारखेला चार-पाच गाड्या लग्नासाठी बाजूला ठेवाव्यात आणि थोड्या अंतराचा वेगळा दर लावावा. गाडी दिवसभर मांडवाबाहेर उभी राहण्यापेक्षा वऱ्हाड सोडून परत जावी, फेऱ्या माराव्यात, संध्याकाळी न्यायला यावी, आणि पैसे फक्त चाललेल्या किलोमीटरचे घ्यावेत. एसटीचंही नुकसान नाही. नाहीतरी ते भाडं टेम्पोवालाच नेतो. अर्ज तालुक्याला न जाता भरता यावा. आणि पत्रिका दाखवली की बायकांना तीच अर्धी सवलत द्यावी. हे मुंबईत मंत्रालयात ठरायचं आहे, आगारातल्या बाबूच्या हातात नाही, हे मला कळतं. म्हणूनच आमदारांकडं फक्त पत्रिका द्यायला जाऊ नका, हेही मागा. ते लग्नाला येतातच. भाषणही करतात.

रेल्वेचं कोणी नाव काढू नका. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे आली, आनंदच आहे, तीन पिढ्यांनी वाट पाहिली. पण लिंबागणेशचं वऱ्हाड गेवराईला काही रेल्वेनं जाणार नाही.

आता यंदाचं. यंदा गंमत अशी आहे की १७ मे पासून १५ जूनपर्यंत अधिक महिना आहे, अधिक ज्येष्ठ. त्यात लग्नं होत नाहीत. म्हणजे एरवी मे अखेरपर्यंत पसरणारी लग्नं यंदा एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोंबली जाणार, आणि राहिलेली जूनच्या उत्तरार्धात, ऐन पेरणीच्या तोंडावर. गाड्यांची मारामार गेल्या वर्षीपेक्षा जास्त होणार हे मी आत्ताच लिहून देतो. तेव्हा तिथी धरली त्याच आठवड्यात गाडी धरा, मंडपाच्या आधी.

धरताना काय बघायचं ते अनुभवातून सांगतो. गाडी डोळ्यांनी बघा, फोनवर फोटो नको. नंबर घ्या आणि मोबाईलमधे एम-परिवहन नावाचं सरकारी ॲप आहे त्यात टाका, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते दोन मिनिटांत दिसतं. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, दिवसभर मोबाईलमधेच असतंय ते. किती पासिंग आहे ते विचारा आणि तेवढीच माणसं मोजा, लेकरांसकट. मांडीवरचं लेकरूसुद्धा घाटात माणूसच असतं. इसार दिला की साध्या कागदावर लिहून घ्या: गाडी नंबर, तारीख, किती वाजता, किती वाजेपर्यंत, टोल कोणाचा, गाडी आली नाही तर काय. दोघांच्या सह्या. समोरचा म्हणेल, "भाऊ, आपला इस्वास नाही का?" माझं ऐका, विश्वास असला तरी लिहून घ्या. मी ऐकलं नव्हतं.

आणि ड्रायव्हर. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण गाडी चांगली असून भागत नाही. डिसेंबर २०२४ मधे ताम्हिणी घाटात उलटली ती चांगली खासगी बसच होती, वऱ्हाडाचीच, पाच जण गेले. म्हणून ड्रायव्हर आदल्या रात्री झोपला का, हे विचारायला लाजू नका. त्याला पहिल्या पंगतीला बसवा. आपल्याकडं त्याला आठवण होते शेवटी, भात संपल्यावर. जेवला की त्याला सावलीत एक खाट द्या, दुपारभर पडू द्या. आणि मानाच्या नावाखाली त्याला 'बसवणारे' जे दोन-तीन पाहुणे प्रत्येक लग्नात असतात, त्यांच्यावर घरातला एक कडक माणूस लावा. आमच्याकडं हे काम आत्याकडं दिलं असतं तर कोणाची बिशाद नव्हती.

प्रत्येक गाडीत एक जबाबदार माणूस, त्याच्याकडं यादी आणि ड्रायव्हरचा फोन नंबर. पुढची सीट मामाला का मोठ्या जावयाला हा तंटा आदल्या दिवशीच मिटवा, त्यात आमचा पाऊण तास गेला होता. उशीर झाला की ड्रायव्हरवर 'मुहूर्त गाठायचाय, दाबा जरा' म्हणून ओरडणारे आपणच असतो. अक्षता दहा मिनिटं उशिरा पडल्या म्हणून कोणाचा संसार मोडल्याची बातमी मला वीस वर्षांत एकदाही लिहावी लागलेली नाही. आणि शक्य असेल तर वऱ्हाड दिवसाउजेडी परत आणा. वरात गावात किती का वाजेपर्यंत चालेना, घाट अंधारात चढायचा नाही.

वऱ्हाड कमी करा असंही काही जण म्हणतील. खरं आहे, सव्वाशेऐवजी साठ नेली असती तर दोन गाड्यांत काम झालं असतं. पण तुम्ही सांगा कोणाला वगळायचं. मला तर भावकीतल्या एका घराला 'तुम्ही येऊ नका' म्हणायची हिंमत झाली नसती, तेव्हा त्यावर मी उपदेश करणार नाही.

परवा दादांचा फोन आला. धाकट्या पुतण्याची सोयरीक जमतीय, आष्टीकडची. तिथी अजून धरायची आहे, पण बहुतेक मेच्या पहिल्या आठवड्यात. मी म्हणलं, दादा, मंडपवाल्याला फोन करायच्या आधी मला फोन करा. ते म्हणाले, "आरं करतो, पण गाडीचं काय यवढं, बघू की नंतर." मी फोन ठेवला नाही. आयशरच्या केबिनमधलं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. घाटातला वास, ड्रायव्हरचे डोळे, आरशातले ट्रक. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. त्या टेम्पोत त्यांचा मधला पोरगा होता, फाळक्यावर पाय सोडून बसलेल्यांत. मग म्हणाले, "सोमवारी जाऊ दोघं."

तर येत्या सोमवारी आम्ही दोघं पाटोद्याला आगारात चाललोय, प्रासंगिक कराराची चौकशी करायला. दर काय, किमान किलोमीटर किती, अर्ज कसा, डिपॉझिट किती, सगळं लिहून आणतो आणि इथंच टाकतो. ज्यांच्या घरी एप्रिल-मेमधलं कार्य आहे त्यांनी सोबत यावं, दहा घरांनी एकदम मागितलं तर आगारालाही गाड्यांचं नियोजन करता येईल. सकाळी नऊला गणपतीच्या मंदिरासमोर थांबतो. येणाऱ्यांनी तारीख आणि माणसांचा आकडा खाली लिहून ठेवा.